ध्वनिवर्धकाला विजेची वेगळी लाइन हवी काय?

मुंबईचें नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, त्या वेळीं महाराष्ट्रांतील बहुतेक खेड्यांत वीज पोहोंचलेली नव्हती. खेड्यांत ज्यांच्यापाशीं पुढें रेडिओ आला, ते तो बॅटरीवर चालवीत. विजेची तार कोठून आणावी आणि ती कोणाबरोबर वांटून घ्यावी, हे प्रश्न त्यांना पडण्याचें कारणच नव्हतें. आज गांवोगांव वीज आहे. आणि संगीताची आवड असलेल्या घरांत जुन्या रेडिओच्या जागीं स्वतंत्र ध्वनिवर्धक, म्हणजे सर्वजण ज्याला ‘अँप्लिफायर’ म्हणतात तें यंत्र, व त्याला जोडलेले दोन ध्वनिक्षेपक आले आहेत. त्यांच्याबरोबर एक नवा प्रश्नहि आला आहे. हें यंत्र घरांतील दिव्या-पंख्यांच्या लाइनवर बसवावें, कीं मुख्य बोर्डापासून वेगळी तार ओढून, वेगळा एम.सी.बी. लावून, त्याला स्वतःची लाइन द्यावी?

प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु त्यांत पैसा गुंतलेला आहे, आणि कधीं कधीं प्राणहि. कित्येक घरांत वेगळ्या लाइनवर पुष्कळ खर्च होतो आणि यंत्राची घुरघुर होती तशीच राहते. मग वैतागून ती घुरघुर घालविण्यासाठीं जो सोपा म्हणून उपाय केला जातो, तो माणसाच्या जिवावर बेतूं शकतो. यासाठीं ऐकीव सल्ल्यावर न विसंबतां थोडें गणित करून पाहणें इष्ट.

विचार करतांना एखादें ठिकाण डोळ्यांपुढें असलें म्हणजे बरें पडतें. जामखेड तालुक्यांतील खर्डा हें गांव घेऊं. १७९५ च्या मार्च महिन्यांत मराठे व निजाम यांच्यांत येथें झालेल्या लढाईमुळें हें नांव शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकांत सर्वांनीं वाचलेलें असतें. बालाघाटाच्या बाजूचा हा कमी पावसाचा मुलूख. जिल्ह्याचें नांव पूर्वीं अहमदनगर होतें, तें २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. कल्पना करावी कीं, पुण्यास नोकरी केलेले एक गृहस्थ निवृत्त होऊन खर्ड्याच्या आपल्या वडिलार्जित घरीं येऊन राहिले आहेत. भिंती जाड, वायरिंग जुनें, आणि बरोबर पुण्याहून आणलेला पन्नास-पन्नास वॅटचा ध्वनिवर्धक. त्यांचे अमेरिकेंतील चिरंजीव फोनवर सांगतात, “बाबा, अँप्लिफायरला वेगळी लाइन टाकून घ्या. इकडे सगळे तसेंच करतात.” गांवचा वायरमन म्हणतो, “काका, लाइन टाकून देतों. पण घुरघुर जाईलच अशी खात्री देत नाहीं.” आतां या दोघांपैकीं कोणाचें ऐकावें?

प्रथम, ध्वनिवर्धक वीज किती खातो तें पाहूं. यंत्रावर लिहिलेला वॅटचा आंकडा हा त्याच्या कमाल सामर्थ्याचा असतो. रोजच्या खर्चाचा नव्हे. गाण्यामध्यें आवाज सारखा चढत-उतरत असतो. तबल्याची थाप किंवा तार सप्तकांतील तान क्षणभर मोठी शक्ति मागते आणि लगेच सर्व शांत होतें. सरासरी काढली तर ध्वनिक्षेपकाकडे जाणारी शक्ति कमाल आंकड्याच्या दशांशाहूनहि बहुधा कमी भरते. यंत्र तापण्यांत जी वीज जाते ती धरली, तरी असला घरगुती ध्वनिवर्धक शंभर ते दोनशें वॅटच्या पलीकडे सहसा जात नाहीं. आपल्याकडील विजेचा दाब २३० व्होल्ट. म्हणजे एक अँपिअर प्रवाह झाला कीं २३० वॅट झाले. तेव्हां या यंत्राला पुरता एक अँपिअरहि लागत नाहीं. उलट १००० वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअर घेते, आणि २००० वॅटचा पाणी तापविण्याचा गीझर पावणेनऊ अँपिअरच्या जवळ जातो. घरांतील खादाड मंडळी कोणती, हें यावरून उघड होतें.

आतां तारेचा हिशेब. १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारें १२ ओहम असतो. बोर्डापासून बैठकीच्या खोलीपर्यंत १५ मीटर अंतर धरलें, तर जाण्याची व येण्याची मिळून तार ३० मीटर, आणि तिचा रोध ०.३६ ओहम. एक अँपिअर प्रवाह गेला तर तारेंत ०.३६ व्होल्ट गळतो. समजा, वेगळी व जाड, २.५ चौरस मिलिमीटरची, तार ओढली. तिचा रोध किलोमीटरला सुमारें ७.४ ओहम, म्हणून गळती ०.२२ व्होल्ट. एवढा खटाटोप करून मिळालें काय? ०.१४ व्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचा सातवा हिस्सा! दुसरीकडे, २३० व्होल्टांत शेंकडा ६ कमी-अधिक होणें वीजपुरवठ्याच्या नियमांत पूर्वापार क्षम्य मानलेलें आहे. म्हणजे दाब २१६ पासून २४४ पर्यंत हलला तरी तें नियमाला धरूनच. गांवाच्या टोकाला, लांबलचक लाइनच्या शेवटीं, संध्याकाळीं तो याहूनहि खालीं जाऊं शकतो. जेथें पुरवठाच अठ्ठावीस व्होल्टांच्या पट्ट्यांत हेलकावे खातो, तेथें सातव्या हिश्श्याच्या व्होल्टानें गाणें सुधारेल असें म्हणणें गणिताला पटणारें नाहीं.

शिवाय ध्वनिवर्धक हा भिंतींतील वीज जशीच्या तशी ध्वनिक्षेपकाकडे पाठवीत नाहीं. खर्ड्यासारख्या गांवांत नळाला पाणी ठराविक वेळीं येतें. गृहिणी तें टांकींत भरून ठेवतात आणि दिवसभर लागेल तसें काढतात. नळाची धार मधेंच बारीक झाली तरी टांकी भरलेली असेपर्यंत स्वयंपाक अडत नाहीं. ध्वनिवर्धकाच्या पोटांत हेंच घडतें. रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, विजेचा दाब उतरवितो. एकदिश करणारे घटक तिची दिशा एक करतात. आणि कपॅसिटर नांवाच्या टांक्या ती सांठवून ठेवतात. सेकंदाला ५० आवर्तनें करणारी वीज या टांक्या सेकंदाला १०० वेळां भरते. तबल्याच्या थापेला लागणारी एकदम उसळी या सांठ्यांतून येते. चांगल्या यंत्राचा मोठेपणा या टांक्या पुरेशा मोठ्या असण्यांत असतो.

मग वेगळ्या लाइनची कल्पना सर्वस्वीं खोटी म्हणावी काय? तसें नाहीं. त्या खादाड मंडळींकडे पुन्हां वळूं. समजा, ध्वनिवर्धकाच्याच लाइनवर गीझर बसविला आहे. तो सुरू झाला कीं त्याच ०.३६ ओहमच्या तारेंत तीन व्होल्टांहून अधिक दाब एकदम गळतो आणि बंद झाला कीं पुन्हां वर येतो. सुरू-बंद होतांना उडालेली ठिणगी ध्वनिक्षेपकांत ‘टक्’ करून ऐकूं येते. मिक्सरच्या मोटारीची खरखर, शीतकपाटाचा ठोका, दिव्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाची किरकिर, या सर्व उपाधि तारेवाटेंच येतात. पण येथें उपाय कोणता? एक निरुपद्रवी शेजारी आणि चार दांडगे शेजारी एका वाड्यांत राहत असतील, तर निरुपद्रव्याला बाहेर काढून काय उपयोग? दांडग्यांना त्यांची त्यांची वाट वेगळी करून द्यावी, म्हणजे वाड्यांतील सर्वांनाच सुख होतें. गीझर, वातानुकूलन-यंत्र, पाण्याची मोटार यांना स्वतंत्र लाइन दिली कीं ध्वनिवर्धक दिव्या-पंख्यांच्या सोबतीनें सुखानें राहतो. आपल्याकडील वायरिंगचा संकेतहि हाच आहे. दिवे-पंखे यांच्या एका उपलाइनवर दहा बिंदु आणि ८०० वॅट यांहून अधिक भार असूं नये, व मोठ्या भाराच्या सॉकेटांची लाइन निराळी असावी, असें तो सांगतो. घरांत ६ अँपिअरचें लहान आणि १६ अँपिअरचें मोठें, असे दोन प्रकारचे सॉकेट दिसतात, तेहि याच विचारानें.

हें तत्त्व महाराष्ट्रानें मोठ्या प्रमाणावरहि आजमावलें आहे. पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं शेतांतील पंप आणि गांवठाणांतील घरें एकाच फीडरवर असत. पंपांचा भार आवरण्यासाठीं फीडर बंद केला कीं गांवहि अंधारांत बुडे; आणि सर्व पंप एकदम चालू झाले कीं घरांतील दिवे मिणमिणत. २००५ सालीं महावितरण कंपनी स्थापन झाल्यानंतरच्या भारनियमनाच्या कठीण वर्षांत गांवठाणाचे फीडर शेतीच्या फीडरांपासून विलग करण्याची योजना राज्यांत राबविली गेली. त्या वेळीं दांडगा भार आणि नाजूक भार यांच्या वाटा वेगळ्या करणें एवढाच हेतु होता. गांवाला अधिक शुद्ध वीज द्यावी असें कोणाच्या मनांत नव्हतें. घरांतील बोर्डावर करावयाचें काम याहून निराळें नाहीं.

अमेरिकेंतील चिरंजीवांचा सल्ला चुकीचा म्हणतां येणार नाहीं. तो त्यांच्या देशांतला आहे, एवढेंच. तेथें घरगुती सॉकेटांत विजेचा दाब १२० व्होल्ट असतो. तेवढ्याच वॅटसाठीं आपल्यापेक्षां जवळजवळ दुप्पट प्रवाह लागतो. दुप्पट प्रवाहानें तारेंतील गळती दुप्पट होते. आणि ती गळती अर्ध्या दाबांतून वजा जात असल्यामुळें तिचें शेंकडेवारी प्रमाण चौपटीच्या घरांत जातें. १२०० वॅटचें मोठें यंत्र आपल्याकडे सव्वापांच अँपिअर घेईल, तर तेथें दहा. तेथील सामान्य लाइन १५ किंवा २० अँपिअरची असते. तेव्हां तेथल्या शौकिनांना वेगळ्या लाइनचा मोह होणें स्वाभाविक आहे. पण जो सल्ला १२० व्होल्टांच्या देशांत उपयोगी, तो २३० व्होल्टांच्या खर्ड्यांत तेवढाच उपयोगी ठरेल असें नव्हे.

आतां घुरघुरीकडे वळूं. कारण बहुतेकांना वेगळी लाइन हवी असते ती या घुरघुरीवर उतारा म्हणून. संगीताचा कान असलेल्या माणसाला तिचें निदान करणें अवघड नाहीं. एक गुणगुण अतिखर्जांतली, सेकंदाला ५० आवर्तनांची असते. दुसरी बरोबर तिच्या वरच्या सप्तकांतली, १०० आवर्तनांची. दुसरी ऐकूं आली तर यंत्राच्या पोटांतील कपॅसिटर म्हातारे झाले असावेत. तें काम दुरुस्ती करणाऱ्याचें आहे. पहिली बहुधा बाहेरून शिरलेली असते. परीक्षा सोपी आहे. यंत्र बंद करून त्याला येणाऱ्या सर्व ध्वनितारा काढाव्या, केवळ ध्वनिक्षेपक जोडलेले ठेवावे आणि मग तें सुरू करावें. घुरघुर थांबली तर घराची लाइन निर्दोष आहे. दोष ध्वनितारांच्या वाटेनें येत होता.

तो येतो कसा? ध्वनिवर्धकाच्या तीन पिनांपैकीं जाड पीन अर्थिंगला गेलेली असते. त्याला जोडलेला टी.व्ही.चा बॉक्स किंवा संगणक दुसऱ्या सॉकेटवर असतो, आणि त्याचेंहि अर्थिंग कोठें तरी, कधीं बाहेरून येणाऱ्या केबलच्या जाळीवाटें, जमिनीला मिळालेलें असतें. दोन्हीं यंत्रें ध्वनितारेच्या कवचानें एकमेकांस जोडलीं कीं जमिनीपासून जमिनीपर्यंत एक बंद वळसा तयार होतो. त्यांतून अगदीं क्षीण प्रवाह फिरतो; पण क्षीणाला प्रबळ करणें हाच ध्वनिवर्धकाचा धर्म असल्यानें तो खोलीभर ऐकूं येतो. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ध्वनिवर्धकाला एकट्याला वेगळी लाइन दिली आणि बाकीचीं यंत्रें जुन्या लाइनवर ठेवलीं, तर हा वळसा लहान न होतां मोठा होतो. म्हणजे पैसे खर्च करून घुरघुर वाढविल्यासारखें होतें! खरा उपाय अल्प मोलाचा आहे. एकमेकांस जोडलेलीं सर्व यंत्रें एकाच सॉकेट-बोर्डावर बसवावीं. ध्वनितारा आंखूड ठेवाव्या व विजेच्या तारांपासून दूर न्याव्या. तरीहि घुरघुर राहिली तर ध्वनितारेच्या मार्गांत लहानसें विलगीकरण-रोहित्र बसवावें.

याच जागीं तो जिवावर बेतणारा उपाय पुढें येतो. कोणी तरी सांगतो, “अर्थिंगची पीन काढून टाका, घुरघुर लगेच थांबेल.” घुरघुर थांबते हें खरें, कारण वळसा तुटतो, परंतु त्याबरोबर घरच्या माणसांचें कवचहि तुटतें. पुढें केव्हां तरी यंत्रांतील विजेची तार झिजून धातूच्या पेटीला चिकटली, तर ती पेटी २३० व्होल्टांची होऊन बसते. आणि ध्वनितारेच्या कवचावाटें तिला जोडलेलें प्रत्येक यंत्रहि तसेंच होतें. ओल्या हातानें आवाजाचें बटण फिरविणाऱ्याला त्याची कल्पनाहि नसते. कांहीं यंत्रांना कारखान्यांतूनच दोन पिनांचा प्लग येतो. त्यांचें विद्युत्-रोधक आवरण दुहेरी असतें, त्यांची गोष्ट निराळी. ज्याला तीन पिना दिलेल्या आहेत त्याची तिसरी पीन कोणत्याहि कारणानें काढूं नये.

पीन जागेवर असली म्हणजे सर्व झालें असेंहि नाहीं. खर्ड्यासारख्या कोरड्या मुलखांत उन्हाळ्यामध्यें जमीन सुकते, तसा अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. समजा, तो ५० ओहमवर गेला. पेटीला वीज लागल्यावर जमिनींत जाणारा प्रवाह २३० भागिले ५० म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास. एवढ्यानें ६ अँपिअरचा एम.सी.बी. पडत नाहीं, मग १६ अँपिअरचा कोठून पडणार? पेटी तशीच सजीव राहते आणि बोर्डावरील कळ मात्र निर्धास्त वर असते. याकरितां खड्ड्यांत वेळोवेळीं पाणी घालावें, आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत एवढासा फरक पडला तरी हें साधन निमिषार्धांत वीज तोडतें. तें एका यंत्राचें न राखतां घरांतील सर्वांचें रक्षण करतें.

वेगळी लाइन ज्यांवर कांहींच करूं शकत नाहीं अशीं आणखी दोन संकटें आहेत. गांवच्या रोहित्राकडील न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल झाली, तर एका घरांत दाब मिणमिणता आणि दुसऱ्या घरांत ३०० व्होल्टांच्याहि वर, असें होऊं शकतें. त्याला दाब वाढतांच वीज तोडणारें साधन लागतें. दुसरें संकट वळवाच्या पावसांतील विजेचें. ढग गडगडूं लागले कीं प्लग सॉकेटांतून काढून ठेवावा. बटण बंद करणें पुरेसें नाहीं.

मग वेगळी लाइन कोणी घ्यावी? ज्यांच्या घरांत कित्येक शें वॅटचें मोठें यंत्र आहे व त्याच खोलींत वातानुकूलन-यंत्रहि चालतें, त्यांनीं. ज्यांचें वायरिंग इतकें जीर्ण झालें आहे कीं तें एरव्हींहि बदलावयाचेंच आहे, त्यांनीं. तेथें गुण येतो तो नव्या तारेचा व घट्ट सांध्यांचा. आणि जे नवें घर बांधीत आहेत त्यांनीं. कारण भिंत उघडी असतांना एक तार अधिक घालण्यास फारसा खर्च पडत नाहीं. अशी लाइन घेतांना मात्र संगीताचीं सर्व यंत्रें तिच्यावर एकत्र असावीं, आणि तिचें अर्थिंग घराच्या मुख्य अर्थिंगलाच जोडलेलें असावें. ध्वनिवर्धकासाठीं अंगणांत निराळा दांडा ठोकून त्याला घराच्या अर्थिंगपासून वेगळें ठेवणें धोक्याचें आहे. वीज कोसळली असतां दोन अर्थिंगांमध्यें मोठा दाब उभा राहतो. मोठें रोहित्र असलेलें यंत्र सुरू करतांना प्रवाहाची क्षणिक उसळी येऊन ‘बी’ जातीचा एम.सी.बी. पडत असेल, तर वायरमनच्या सल्ल्यानें ‘सी’ जातीचा लावतां येतो.

खर्ड्याच्या त्या गृहस्थांनीं आपल्याजवळील पैशाचा क्रम असा लावावा. आधीं अर्थिंग आणि आर.सी.सी.बी.; नंतर बोर्डांतील व सॉकेटांतील सैल सांधे घट्ट करणें; नंतर गीझर व मोटार यांना त्यांची वेगळी लाइन; नंतर सर्व संगीतयंत्रें एका सॉकेट-बोर्डावर आणणें. एवढें होऊन हातांत पैसा उरला आणि हौस असली, तर ध्वनिवर्धकाला स्वतंत्र लाइन जरूर द्यावी. परंतु बहुतेक घरांत तेथवर जाण्याची वेळ येणार नाहीं. कारण घुरघुर त्यापूर्वींच थांबलेली असेल, आणि गाणें ऐकणारीं माणसें सुरक्षित असतील.